जुन्या घाटाची नवी सायकल

जुन्या घाटाची नवी सायकल म्हणजे आजच्या कारखान्यात तयार झालेली, पण रूपाने साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वाटणारी सायकल. काळा, बाटलीहिरवा किंवा मरून रंग, नळ्यांवर सोनेरी रेघा, मागे वळलेले रुंद हँडल, तपकिरी सीट, चाकावर लांब उतरणारे मडगार्ड आणि क्रोमची घंटी या खुणांवरून ती दुरूनही ओळखू येते. तिचे मूळ रूप इंग्लंडमधले. नॉटिंगहॅमच्या रॅले आणि बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलिस या कंपन्यांनी ते घडवले आणि आयात सायकलींबरोबर ते हिंदुस्थानात आले. पुढे मुंबईत १९३९ मध्ये हिंद सायकल्स, मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनिपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियान्यात १९५६ मध्ये हिरो असे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी तेच रूप जवळपास जसेच्या तसे ठेवले. इंग्लंडमध्ये १९२६ साली सुरू झालेली पॅशली ही कंपनी स्ट्रॅटफर्डला आजही या घाटाच्या सायकली बनवते.

खानदेशात हे रूप कधी जुने झालेच नाही. जळगावच्या दाणाबाजारात आणि धुळ्याच्या पाचकंदील परिसरात डबल बारची काळी सायकल अजून कामावर आहे. दुधाच्या कॅन, पावाची पेटी, चाऱ्याचा भारा ती आजही वाहते. जुन्या घाटाची नवी सायकल घेणाऱ्याची फसगत होते ती नेमकी इथेच. रूप ओळखीचे असल्यामुळे घेणारा असे गृहीत धरतो की हिचे टायर, कॉटर पिन, ब्रेकचे गुटके कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे मिळतील. प्रत्यक्षात रंगाखालचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगळ्या मापाचा असतो. घेण्यापूर्वी रंग पाहून झाला की मापे पाहणे आवश्यक ठरते ते यामुळे.

पहिले माप टायरचे. जुन्या डबल बारला २८ × १ १/२ टायर लागतो. त्याच्या बाजूवर बारीक अक्षरांत ४०-६३५ असा आकडा असतो. त्यातले ४० म्हणजे टायरची रुंदी आणि ६३५ म्हणजे रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नव्या सायकलीला बहुधा ७०० सी जातीचा टायर असतो आणि त्यावर ३५-६२२, ३७-६२२ असे काही छापलेले असते. घोटाळा असा की ७०० सी च्या पुष्कळ टायरांवर शेजारीच '२८' हाही आकडा असतो. दुकानदार तो वाचून २८ चा टायर काढून देतो. व्यासात फरक तेरा मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या इंचाचा. तरी ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर ढिला बसतो, हवा भरताच काठ सोडतो आणि ट्यूब बाहेर येऊन फुटते. उलट प्रकारात टायर रिमवर चढतच नाही. प्रस्तुत लेखकाच्या सायकलीला जळगावात एका दुकानी असाच टायर बसवला गेला होता. पंपाच्या शेवटच्या चार दट्ट्यांबरोबर तो एका बाजूने वर आला आणि ट्यूब दुकानातच फुटली. ती रस्त्यात न फुटता तिथेच फुटली हे बरे झाले, कारण चालत्या चाकावरून टायर निसटणे जिवावर बेतू शकते. २६ इंची चाकांतही हाच प्रकार आहे. २६ × १ ३/८ म्हणजे ५९० आणि डोंगरी सायकलींचे २६ × १.९५ म्हणजे ५५९. दोघांनाही तोंडाने '२६' च म्हणतात. म्हणून टायर मागताना इंच सांगू नयेत. शेवटचा तीन आकडी आकडा सांगावा, आणि तो घरी लिहून ठेवावा.

ट्यूबच्या बाबतीत मात्र थोडी सवलत आहे. ट्यूब ताणली जात असल्यामुळे २८ × १ १/२ ची साधी ट्यूब ३५ ते ३८ मिलिमीटर रुंदीच्या ७०० सी टायरमध्ये चालून जाते. चोपडा किंवा शिंदखेड्याच्या बाजारात ऐनवेळी ही माहिती उपयोगी पडते. अट एकच, व्हॉल्व्ह रिमच्या भोकात मावला पाहिजे. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि मोटारसायकलच्या धाटणीचा व्हॉल्व्ह यांना साधारण सारखेच भोक लागते. काही नव्या सायकलींना मात्र बारीक, लांबट, टोकाशी पेच असलेला व्हॉल्व्ह असतो. त्याच्या भोकात इतर व्हॉल्व्ह जात नाहीत आणि गावाकडच्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. त्यासाठी मिळणारी पितळी टोपी सीटखालच्या पिशवीत कायम असू द्यावी.

रुंदीचाही विचार स्थानिक रस्ता पाहून करावा लागतो. खानदेश कापसाचा मुलूख. वेचणी संपून शेते मोकळी होऊ लागली की पऱ्हाटीचे तुकडे गाडी-बैलगाडीतून रस्त्यावर सांडतात. बांधावरच्या बाभळीचे काटे आणि सराटे वर्षभर असतातच. २८ किंवा ३० मिलिमीटरचा बारीक टायर चित्रात देखणा दिसतो, पण इथे टिकत नाही. ३५ च्या आतला टायर घेऊच नये आणि मिळाल्यास आत काटारोधक पट्टी असलेला घ्यावा.

सांगाड्याचा धातू ओळखायला लोहचुंबक पुरे. चिकटला तर पोलाद, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. जुन्या सायकलीत नळ्या नक्षीदार सांध्यांत बसवून पितळेने जोडलेल्या असत. नव्यांत बहुतेक ठिकाणी सरळ वेल्डिंग असते आणि त्यावर जाड रंग. यात वाईट काही नाही. साधे पोलाद तडकले तर जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला चांगला वेल्डर ते जोडू शकतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा तडकला तर त्या जोडावर स्वार होऊ नये. माल वाहायचा असेल, मागे मुलाला बसवायचे असेल, तर पोलादच बरे.

क्रँकची तऱ्हाही निराळी. डबल बारमध्ये क्रँक कॉटर पिनेने एक्सलवर धरलेला असतो. पिन झिजली की दर फेऱ्याला पायाला 'टक' लागते, मिस्त्री हातोडीच्या दोन घावांत ती काढतो आणि नवी ठोकतो. नव्या सायकलीत पिन नसते. एक्सलचे टोक चौकोनी आणि निमुळते असते, त्यावर क्रँक दाबून बसतो आणि बाहेरून बोल्ट आवळला जातो. हा बोल्ट पहिल्या काही दिवसांत सैल होतो. तसाच चालवला तर पोलादी एक्सल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक गोल करून टाकतो आणि मग कितीही आवळले तरी क्रँक हलत राहतो. तो बदलण्याखेरीज उपाय उरत नाही. डाव्या पायाखाली किंचित हालचाल जाणवताच उतरावे, बोल्ट आवळावा, मगच पुढे जावे. हा क्रँक काढायला वेगळा पुलर लागतो, हातोडीने काढू देऊ नये. जुन्या मिस्त्रीचा हात हातोडीकडेच जातो, म्हणून आधीच सांगावे.

ब्रेकच्या बाबतीत रूपाचा मोह सर्वांत धोक्याचा. जुनेपणाचा थाट यावा म्हणून पुष्कळ सायकलींना चकाकत्या क्रोमच्या पोलादी रिम देतात. कोरड्या रस्त्यावर त्या धरतात. पावसात ओल्या क्रोमवर रबराचे गुटके घसरतात आणि थांबायला कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. दांड्यांच्या जुन्या ब्रेकलाही हाच दोष होता, पण तेव्हाच्या रस्त्यांवर वेग कमी आणि वाहने थोडी होती. आज धुळे ते जळगाव हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे आणि पारोळा, एरंडोलजवळ ट्रकांची रांग खांद्याला घासून जाते. लळिंगचा उतार तर पावसाळ्यात क्रोमच्या रिमवर उतरूच नये. ॲल्युमिनियमची रिम ओलीतही बऱ्यापैकी धरते. हबच्या आत बसलेल्या ड्रम ब्रेकवर पावसाचा फारसा परिणाम होत नाही. बाकी सगळे मनासारखे असून रिम तेवढी क्रोमची असेल, तर विक्रेत्याकडून चाके बदलून घ्यावीत किंवा दुसरी सायकल पाहावी. ओल्या रिमवर ब्रेक लावण्याची वेळ आलीच तर लांबूनच हलका दाब देत राहावे. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी पुसले जाते आणि मग पकड येते.

पावसाळ्याचाच दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. जुन्या घाटाचे मडगार्ड टायरला लगटून बसवलेले असते, तेच दिसायला छान. तापीकाठच्या शिवारात पहिल्या पावसानंतर माती टायरला थापली जाते आणि मडगार्डखाली दाटते. चाक आधी जड होते, मग अडते. पुढचे मडगार्ड चाकाबरोबर ओढले गेले तर त्याच्या तारा आऱ्यांत अडकून स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर मोकळी जागा असावी आणि शेतरस्त्याला लागण्यापूर्वी चाक चिखल धरते का ते उतरून पाहावे. शेतावर रोज जाणे असेल, तर पुढचे मडगार्ड पावसाळ्यापुरते काढून ठेवणे शहाणपणाचे.

ऊन हा या भागाचा मोठा परीक्षक. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो. उन्हात उभ्या सायकलीच्या ट्यूबमध्ये सकाळी २५ अंशांना ६० पौंड हवा भरली असेल आणि ती ५५ अंशांपर्यंत तापली, तर दाब सात-आठ पौंडांनी वाढतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा ठासून भरू नये, दहा पौंड राखून भरावी. तपकिरी सीट कातड्याचे की रेक्झिनचे, हे खालून पाहिले की कळते. खरे कातडे एकजीव, जाड आणि रिबिटांनी ताणलेले असते, नाकाखाली ते ताणायचा बोल्ट असतो. १८६६ मध्ये सुरू झालेल्या बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सने याच कामात नाव कमावले. अशा सीटला अधूनमधून कातड्याचे मेण पुसावे, ते भिजू देऊ नये आणि भिजलेच तर सावलीत वाळवावे. तेल पाजू नये, त्याने कातडे पोटात खाली बसते. रेक्झिनचे सीट आणि हँडलच्या तपकिरी मुठी खानदेशी उन्हात लवकर भेगाळतात. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

गिअरचा प्रश्न वाऱ्याशी जोडलेला आहे. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तिथे उगाच उभारलेल्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जळगावहून धुळ्याकडे तोंड करून निघालेल्या स्वाराच्या छातीवर येतो. जुन्या डबल बारला ४४ दातांचे पुढचे चक्र आणि १८ दातांचे फ्रीव्हील असले, तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. जुन्या घाटाच्या नव्या एकगिअरी सायकलींत ४६ आणि १६ अशी जोडी भेटते. तीत एका फेऱ्याला सव्वासहा मीटर पडतात आणि वाऱ्यावर तेवढे पेलत नाही. फ्रीव्हील १८ किंवा २० दातांचे करून घेणे हा स्वस्त आणि कायमचा उपाय. हबच्या आत लपलेला तीन गिअरांचा संच मिळत असेल तर तो या रूपाला शोभतोही आणि उपयोगीही आहे. इंग्लंडची स्टर्मी-आर्चर कंपनी १९०२ पासून असे हब बनवत आली, तिची मालकी आता तैवानकडे आहे. त्यातला पहिला गिअर एक-चतुर्थांशाने हलका, दुसरा जसाच्या तसा आणि तिसरा एक-तृतीयांशाने जड असतो. अडचण पंक्चरची. आपला मिस्त्री चाक न काढता एका बाजूने ट्यूब ओढून पंक्चर काढतो आणि हबगिअरच्या सायकलीलाही त्याने तसेच करावे. चाक उतरवले तर एक्सलवरच्या खाचेच्या वॉशर उलट-सुलट बसतात आणि गिअर लागेनासे होतात.

सायकल खोक्यातून घरपोच आली असेल तर तिची जोडणी हा स्वतंत्र विषय. तिचे हँडल, पुढचे चाक, सीट आणि पायडल घरी बसवायचे असतात. सर्वांत घातक चूक म्हणजे पुढचा चिमटा उलटा राहणे. चिमट्याचा बाक पुढे आणि पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूस असला पाहिजे. दुसरी चूक पायडलची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि एक्सलच्या टोकावर डावे-उजवे कोरलेले असते. ते न पाहता पान्याने जोर लावला की क्रँकचे आटे मरतात. पायडल पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजे. हँडलच्या खालच्या-वरच्या कपात आणि हबमध्ये कारखान्याने पुष्कळदा नावालाच ग्रीस लावलेले असते. मिस्त्रीकडून छर्रे काढून, धुऊन, ग्रीस भरून घ्यावे आणि त्याच वेळी दोन्ही चाकांचा आउट काढून घ्यावा. या कामाला अर्धा दिवस द्यावा, तो वाया जात नाही.

बिल मागून घ्यावे. सायकलींवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे, तो बिलावर तसा दिसतो का पाहावे. रिफ्लेक्टरसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये भारतीय मानक लागू करणारा आदेश काढला. पुढे पांढरा, मागे लाल, पायडलवर व चाकांत पिवळा असे रिफ्लेक्टर जागेवर असावेत, केवळ शोभेसाठी ते काढू नयेत. बाटलीच्या आकाराचा डायनॅमो गल्लीपुरता ठीक, कारण सायकल थांबली की दिवा विझतो. महामार्गावर मागे बॅटरीचा लाल दिवा हवाच.

ज्याला खरोखर जुनी सायकलच हवी, त्याने जुनीच शोधावी. गावोगाव ओसरीला टेकून ठेवलेल्या रॅले, फिलिप्स, हिंद अजून सापडतात आणि डबल बारचे जवळपास सगळे भाग बाजारात मिळतात. मूळ रूप कसे होते ते पाहायला पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. जुन्या घाटाची नवी सायकल ठेवणाऱ्याने घरात एक जास्तीचा टायर, दोन ट्यूब, ब्रेकच्या गुटक्यांची जोडी, दोन ब्रेक केबल आणि क्रँक पुलर ठेवावा. हे भाग गिअरच्या सायकली विकणाऱ्या शोरूममध्ये मिळतात, पेठेतल्या साध्या दुकानात मिळतीलच असे नाही. टायर मात्र माळ्यावरच्या पत्र्याखाली न ठेवता थंड खोलीत ठेवावा, उन्हाळ्याच्या उष्णतेने वापराआधीच त्याच्या बाजू कडक होतात.