प्रिंटर गैरहजर का?

(शाळेत, घरी आणि कचेरीत आज प्रिंटर दिसतो. तो संगणकाशी जोडला गेला नाही, की सगळ्यांची कामे अडतात. अशा वेळी न गोंधळता दोष कसा शोधावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, दहावीच्या परीक्षेची प्रवेशपत्रे आता मंडळाच्या संकेतस्थळावरून शाळेलाच उतरवून घ्यावी लागतात. शाळा ती कागदावर छापते. मुख्याध्यापक त्यांवर सही करतात, शाळेचा शिक्का उमटतो आणि मग ती तुमच्या हाती येतात. आता असे समजा, की प्रवेशपत्रे वाटण्याचा दिवस आहे. ऑफिसबाहेर विद्यार्थ्यांची रांग लागली आहे. लिपिक छापण्याची आज्ञा देतात आणि पडद्यावर शब्द येतो, 'ऑफलाइन'.

'ऑफलाइन' म्हणजे काय? हजेरीपटाच्या भाषेत सांगायचे, तर गैरहजर. प्रिंटर समोर टेबलावर आहे, त्याचा दिवाही लागलेला आहे. तरी संगणक त्याला गैरहजर म्हणतो. वर्गात बसलेल्या मुलाचे 'हजर' गुरुजींना ऐकू आले नाही, तर त्याचीही गैरहजेरी लागते. पण म्हणून तो शाळेत आलाच नाही, असे होत नाही. प्रिंटरचेही बहुधा असेच असते. तो बिघडलेला नसतो. त्याचा आवाज संगणकापर्यंत पोहोचत नसतो.

अशा वेळी पुष्कळ लोक छापण्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबतात. कोणी केबल उपसतो, कोणी राउटर बंद करतो. सगळेच एकदम बदलले, तर दोष कशात होता हे कळत नाही. हकीम आधी नाडी पाहतात, मग औषध देतात. आपणही एका वेळी एकच गोष्ट तपासू.

प्रथम पाहा, की दोष प्रिंटरमध्ये आहे की वाटेत. प्रिंटरमध्ये कागद आहे का? एखादा कागद अडकला आहे का? लाल दिवा लुकलुकतो आहे का? मग संगणकाची मदत न घेता, प्रिंटरवरील बटणांनीच एक चाचणीचे पान छापा. कोणते बटण दाबायचे, ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. हे पान नीट छापले गेले, तर प्रिंटर ठणठणीत आहे. मग दोष वाटेत किंवा संगणकात शोधायचा. एवढ्या एका पानाने अर्धे काम हलके होते.

आता वाट तपासू. प्रिंटर केबलने जोडलेला असेल, तर केबलची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवा. मग संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहा. तरीही जमले नाही, तर दुसरी केबल वापरून पाहा.

प्रिंटर वाय-फायवर असेल, तर वाट डोळ्यांना दिसत नाही. येथे एक नियम लक्षात ठेवा: संगणक आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर असले पाहिजेत. पुष्कळदा प्रिंटर शाळेच्या राउटरला जोडलेला असतो आणि संगणक मात्र कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो. दोघे दोन मोहल्ल्यांत राहिले, तर एकाची हाक दुसऱ्याला कशी ऐकू येणार? राउटरचा पासवर्ड बदलला असेल, तर नवा पासवर्ड प्रिंटरलाही द्यावा लागतो. आणखी एक गोष्ट पाहा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो; पण घरगुती वापराचे अनेक प्रिंटर फक्त २.४ ची लहर पकडतात. अशा प्रिंटरला जोडताना २.४ चे नेटवर्क निवडावे.

वाट ठीक असेल, तर पत्ता तपासा. राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.७ असा आकड्यांचा पत्ता देतो. वीज जाऊन आली, की प्रिंटरला कधी कधी नवा पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पत्रे पाठवत राहतो. घर बदललेल्या माणसाला जुन्या घरी पत्र मिळेल का? प्रिंटर आपल्या नेटवर्कची माहितीही छापून देतो. त्यात पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, असे समजा. आधी राउटर बंद करून चालू करा. दोन-तीन मिनिटे थांबा. नंतर प्रिंटर आणि शेवटी संगणक चालू करा. हा क्रम मोडू नका. असे वारंवार घडत असेल, तर राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून ठेवता येतो.

वाट आणि पत्ता दोन्ही बरोबर असतील, तर आता संगणकात डोकवा. छापायची कामे तेथे रांगेत उभी असतात. पहिले काम अडकले, की मागची सगळी थांबतात. आपण दहा वेळा बटण दाबले, तर रांगेत दहा कामे उभी राहतात आणि प्रिंटर जोडला जाताच एकाच प्रवेशपत्राच्या दहा नकला बाहेर पडतात. कागद वाया, शाईही वाया! म्हणून अडकलेली कामे रद्द करा आणि एकच आज्ञा द्या. ती योग्य प्रिंटरला दिली आहे ना, हेही पाहा. संगणकाच्या यादीत कधी जुन्या प्रिंटरचे नाव राहिलेले असते. कधी कागदाऐवजी फाइल तयार करणारा, नावापुरताच प्रिंटर निवडलेला असतो.

शेवटी उरतो ड्रायव्हर. संगणकाची आज्ञा प्रिंटरच्या भाषेत सांगणारा हा दुभाषी. उर्दूत आपण त्याला तर्जुमान म्हणू. तर्जुमान चुकला, तर दोन शहाणी माणसेही एकमेकांना समजत नाहीत. अशा वेळी यादीतून प्रिंटर काढून टाका आणि पुन्हा जोडा. नवा ड्रायव्हर प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका.

मुलांनो, एका प्रिंटरवर अनेकांनी काम करण्याची कल्पना फार जुनी आहे. 'झेरॉक्स' हा शब्द आपण रोज वापरतो. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर प्रिंटर तयार केला. १९७३ साली याच कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'ईथरनेट' नावाची जोडणी सुचवली. अनेक संगणकांना एकच लेसर प्रिंटर वापरता यावा, हा तिचा एक हेतू होता. संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे विणण्यामागे प्रिंटरची गरजही होती, ही गंमतच नाही का?

दोन गोष्टी मात्र करू नका. चालू प्रिंटर उघडून आत हात घालू नका. लेसर प्रिंटरचा एक भाग खूप तापलेला असतो. आणि दुरुस्तीच्या नादात रांगेतल्या मुलांना ताटकळत ठेवू नका. अर्ध्या तासात दोष सापडला नाही, तर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे छापून आणा. तिच्यात विद्यार्थ्यांची नावे आणि फोटो असतात; म्हणून दुकानातल्या संगणकावर ती ठेवून येऊ नका.

दोष सापडला, की नेटवर्कचे नाव, प्रिंटरचा पत्ता आणि केलेला उपाय एका पुठ्ठ्यावर लिहा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका. तो पुठ्ठा प्रिंटरजवळ टांगा. पुढच्या वर्षी त्याच रांगेत तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण उभी असेल. त्यांना प्रवेशपत्रासाठी तुमच्याइतके थांबावे लागणार नाही.

शब्दार्थ
कचेरी – कार्यालय, दफ्तर
लिपिक – कारकून
ठणठणीत – अगदी निरोगी
ताटकळणे – वाट पाहत उभे राहणे
दुभाषी – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा
डोकावणे – वाकून आत पाहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) संगणक प्रिंटरला 'ऑफलाइन' केव्हा म्हणतो?
(२) चाचणीच्या पानावरून काय कळते?
(३) मेटकाफ यांनी सुचवलेल्या जोडणीचे नाव काय?

प्र. २. कारणे लिहा.
(१) छापण्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये.
(२) एका वेळी एकच गोष्ट तपासावी.
(३) प्रवेशपत्रांची फाइल दुकानात ठेवून येऊ नये.

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (नेटवर्कवर, पत्ता, दुभाषी)
(१) वीज जाऊन आली, की प्रिंटरचा ...... बदलू शकतो.
(२) संगणक आणि प्रिंटर एकाच ...... असले पाहिजेत.
(३) ड्रायव्हर हा एक ...... आहे.

प्र. ४. कागद, शाई, नक्कल, हजर, दुरुस्ती हे शब्द उर्दूतही थोड्याफार फरकाने आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : शाळेतील प्रिंटर शिक्षकांच्या मदतीने पाहा. त्याच्यासाठी पाठात सांगितल्याप्रमाणे माहितीचा पुठ्ठा तयार करा.