वारा आणि विमानाचें उड्डाण

पाठीमागून वारा असेल तर विमान लवकर उडेल, असा पुष्कळांचा समज असतो. शिडाच्या होडीस असा वारा साह्य करतो. मग विमानास कां करूं नये? वस्तुस्थिति मात्र उलट आहे, व ती कां हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

विमानास वर उचलणारी शक्ति पंखांवरून वाहणाऱ्या हवेपासून मिळते. म्हणून जमिनीवरील वेगापेक्षां हवेंतील वेग महत्त्वाचा. समजा, एका विमानास उडण्यासाठीं हवेंत ताशीं १६० मैल वेग लागतो. समोरून ताशीं २० मैलांचा वारा असल्यास जमिनीवर १४० मैलच गांठावे लागतात. धांवेचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलत असल्यामुळें तें सुमारें चतुर्थांशानें घटतें. पाठीमागून १० मैलांचा वारा असल्यास तेंच अंतर सुमारें अष्टमांशानें वाढतें. ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील किटी हॉक गांवाजवळ राइट बंधूंचें विमान प्रथम उडालें, तें ताशीं २० मैलांहून अधिक वेगाच्या वाऱ्यास सामोरें जाऊनच. १२ सेकंदांत तें अवघें १२० फूट गेलें. माणूसही तितक्या वेगानें धांवतो!

परंतु वारा एकसारखा वाहत नाहीं. वैमानिक विमानाचें नाक उचलीत असतांनाच समोरचा झोत मंदावला, तर हवेंतील वेग एकदम घटतो. नाक वर जातें, पण चाकें जमीन सोडीत नाहींत, आणि शेंपूट धांवपट्टीस घासतें. बोइंग ७३७-८०० विमानाचीं चाकें जमिनीवर असतां नाक सुमारें ११ अंश उचललें गेलें, कीं शेंपूट टेंकतें. म्हणून वारा झोतांनीं येत असल्यास, व धांवपट्टी पुरेशी लांब असल्यास, वैमानिक किंचित् अधिक वेग येऊं देतो, आणि नाक दर सेकंदास दोन-तीन अंश अशा संथ गतीनें उचलतो.

शेंपूट घासणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९७८ सालीं जपानांतील ओसाका येथें उतरतांना एका बोइंग ७४७ विमानाचें शेंपूट घासलें. त्याची दुरुस्ति सदोष झाली. पुढें ता. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं दुरुस्त केलेला तोच भाग आकाशांत फुटला, आणि ५२० माणसें प्राणांस मुकलीं.

विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी असते. विद्यार्थ्यांनीं ती अवश्य पाहावी. तिचें रुंद तोंड ज्या दिशेस असेल, बहुधा त्याच दिशेस विमानें उडतांना दिसतील. आणि त्याचें कारण आतां त्यांस सांगतां येईल.