गावाकडचा जिना आणि सरकती खुर्ची : नव्याने इंग्लंडात आलेल्यांसाठी

इथे येऊन वर्ष होत नाही तोच घरून फोन येतो, ‘आई हल्ली जिन्यावर बसत बसत वर जाते.’ घर साताऱ्याचं किंवा सांगलीचं, देवघर खाली, झोपायची खोली वर. शेजारच्या आजींकडे जिन्यावरून सरकणारी खुर्ची आपण पाहिलेली असते. तशीच एक पाठवावी, असं मनात येतं. ती घाई करू नका. इथे वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या घरांनी यात पैसे घालवले आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो.

खुर्चीचा रूळ भिंतीला नाही, पायऱ्यांना बसतो. इथले जिने बरेचदा सरळ आणि लाकडी, काम काही तासांत होतं. आपल्याकडे सांगलीच्या विश्रामबागेतला बंगला घ्या की साताऱ्याच्या शाहूपुरीतलं घर, जिना बहुतेक वेळा अर्ध्यावर वळतो आणि पायऱ्यांवर कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट असतो. वळणाचा रूळ त्याच जिन्याच्या मापाने घडवतात, दुसरीकडे तो बसत नाही. आमच्यातल्या एका घराने इथून जुनी खुर्ची बोटीने पाठवली होती, तिचा रूळ अजून माळ्यावर पडून आहे. दगडाला भोक पाडताना कडेला तडा जातो, तेव्हा पायऱ्यांचे फोटो बसवणाऱ्याला आधी पाठवा.

साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यात भिंतीच्या पोटातून चढणारा उभा, अरुंद जिना असेल तर हा विचारच सोडा. साधारण अडीच फूट मोकळी रुंदी नसेल तर बसलेल्या माणसाचे गुडघे समोर घासतात. तिथे खालीच खोली आणि कमोडचं बाथरूम करून द्या.

जिन्याइतकंच माणसाकडे बघा. इंग्लंडात घरातल्या अशा सोयींसाठी कौन्सिल ३०,००० पौंडांपर्यंत अनुदान देते, पण आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन माणूस उठतो कसा, बसतो कसा हे पाहते. अनुदान गावाकडच्या घराला मिळणार नाही, ही पद्धत मात्र जरूर उचला. सांगलीशेजारच्या मिरजेत १८९४ पासून, वॉनलेस हॉस्पिटलपासून, दवाखाने रुजलेले आहेत. तिथला फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा आणि जिन्यापाशी उभा करा. आई हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठते का? गुडघा वाकतो किती? अर्धांगवायूने उजवा हात गेला असेल तर खटका डाव्या हाताशी हवा. वरच्या टोकाला खुर्ची जिन्याकडून फिरून खोलीकडे तोंड करणारी हवी, कारण पडायची भीती उतरतानाच जास्त. आणि पदर! नऊवारी असो की पाचवारी, बसल्यावर पदर पोटाशी खोचून मगच पट्टा लावायचा, हे आईकडून चार वेळा करवून घ्या. पुढे चाकाची खुर्ची लागणार असेल, तर हे पैसे घरगुती लिफ्टसाठी राखून ठेवा.

बहुतेक खुर्च्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे लाईट गेली तरी दोन-चार फेऱ्या होतात. बॅटरी भरते ती रुळाच्या टोकाशी, म्हणून खुर्ची मधेच सोडायची नाही. जिना बादलीने धुवायची सवय असेल तर कामाच्या मावशींना ओल्या फडक्यानेच पुसायला सांगा. आणि पैसे देण्याआधी लेखी विचारा, दुरुस्तीला माणूस कुठून येणार? पुण्याहून साताऱ्याला ११० किलोमीटर. आई वर अडकली असेल तर तेवढा वेळ फार मोठा असतो.

सांगलीत गावभागात घर असेल तर ‘खाली झोपायची सोय करा’ हा सल्लाही चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी नदीचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ४० चा आकडा आला की खुर्ची वरच्या टोकाला न्यायची, खालचा चार्जर काढायचा. आईला त्याच्याही आधी, रस्ता कोरडा असताना, उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवायचं. ते कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर आजच फोन करून ठरवून ठेवा.