गर्भाशयाचे तोंड किती उघडले?

नातीला नववा महिना लागला की फोन वाजला तरी काळजात धस्स होते. मग निरोप येतो, “आजी, तोंड एकच सेंटीमीटर उघडले आहे, घरी पाठवले.” पुष्कळ आजीबाई हे ऐकून हॉस्पिटलवर रागावतात. म्हणून गर्भाशयाचे तोंड उघडणे म्हणजे काय असते ते समजून घेऊ.

पिशवी उलट्या धरलेल्या सुरईसारखी असते. तिची खालची मान म्हणजे गर्भाशयाचे तोंड. गरोदरपणात ही मान तीन-चार सेंटीमीटर लांब, घट्ट आणि बंद असते. आत चिकट स्रावाचे बूच बसलेले असते. मानेतले चिवट तंतू इतके महिने बाळाला आत धरून ठेवतात. दिवस भरत आले की हे तंतू सैल होतात, त्यांत पाणी भरते आणि नाकाच्या शेंड्यासारखी टणक मान ओठासारखी मऊ होते. पाठीच्या बाजूला वळलेले तोंड पुढे येते. हे काम कळांशिवाय, गुपचूप, कित्येक दिवस चालते.

मग मान आखूड होते. गळाबंद स्वेटर डोक्यातून घालताना गळा आधी ताणून पातळ होतो, मग डोके बाहेर येते, तसेच हे. पहिलटकरणीची मान बहुधा आधी पातळ होते आणि मग उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच होते. त्यामुळे नुसत्या सेंटीमीटरवरून काही ठरत नाही. १९६४ साली बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पाच गोष्टींना गुण देण्याची रीत घातली: तोंड किती उघडले, मान किती आखूड, किती मऊ, तोंडाची दिशा आणि बाळाचे डोके किती खाली. कळा सुरू करण्याचे औषध द्यावे का, हे ठरवताना डॉक्टर आजही हे गुण पाहतात.

आपल्या वेळी सुईण बोटांनी मोजायची. तिची ‘दोन बोटे’ म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर. पूर्ण उघडलेले तोंड दहा सेंटीमीटरचे, एका लहान पुरीएवढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे प्रसूतीचा खरा जोर पाच सेंटीमीटरपासून धरतात. त्याआधी किती तास जातील याचा नेम नाही, आणि दर तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे हा जुना हिशेबही आता मागे पडला आहे. तेव्हा घरी पाठवलेल्या मुलीला खाऊपिऊ द्या, झोपू द्या, आणि “अजून काहीच नाही?” असे तासातासाला विचारू नका. एरंडेल तर मुळीच पाजू नका. उलट्या-जुलाबांनी ती कळांआधीच थकून जाईल.

बूच सुटून रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव पडला, तर तेवढ्याने घाबरू नये. पण पाणी गेले, विशेषतः ते हिरवट असले, पाळीसारखे रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा लागल्या, तर सेंटीमीटरचा आकडा विचारत बसू नका. लगेच निघा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.