भातुकलींतील शिक्षण

तीन वर्षांचें मूल अद्यापि पाटीवर अक्षर काढीत नाहीं, नुसतें खेळतें, अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, तें खेळतें कसें हें एकदां घटकाभर नीट पाहावें.

भातुकलीचाच डाव घ्या. कोणी आई होते, कोणी पाहुणा; चुरमुऱ्यांचा भात होतो, पानांच्या पोळ्या होतात. एरव्हीं समोरचा खाऊ क्षणांत फस्त करणारें मूल येथें 'पाहुण्यांचें पान आधीं' म्हणून हात आवरून बसतें. हा निग्रह त्यास शिकविला कोणीं? खेळानें आणि सोबत्यांनीं. कारण नियम मोडणारास पुनः डावांत कोण घेतो? रशियांतील मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनीं हेंच मर्म उलगडून दाखविलें. काठीचा घोडा करणारें मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढावयास शिकतें. आणि अक्षर हें ध्वनीचें चिन्ह होय, हें उमगण्यास पुढें हीच शक्ति कामीं येते. त्याच देशांत मानुइलेंको यांनीं १९४८ सालीं दाखविलें कीं, नुसत्या आज्ञेनें जें मूल स्थिर राहत नाहीं, तेंच खेळांत पहारेकरी होतांच कितीतरी अधिक वेळ निश्चल उभें राहतें. वर्गांत 'गप्प बसा' म्हणून ओरडणाऱ्या आम्हां शिक्षकांस हें जरा झोंबणारेंच आहे!

भाषेचेंही तेंच. २००३ सालीं पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील नऊ महिन्यांच्या बालकांस चिनी भाषा ऐकविली. समोर बसून, खेळणीं दाखवीत बोलणाऱ्या माणसापासून तीं त्या भाषेंतील ध्वनिभेद ओळखावयास शिकलीं. पडद्यावरून ऐकणाऱ्या बालकांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. मूल रडूं लागतांच त्याच्या हातीं मोबाइल देणाऱ्या घरांनीं याचा विचार करावा.

खेळास महागडीं साधनें लागतात, हाही एक भ्रमच. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां शंखशिंपले, बिया, पानें, खडे हींच त्यांचीं साधनें झालीं. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. पुढें १९५७ पासून कोसबाड येथें अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं हेंच कार्य आदिवासी पाड्यांत वाढविलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदूं लागल्या. म्हणून धाकटें भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीस दारांतून परतावें लागलें नाहीं.