टिकणाऱ्या प्रकाशाचा शोध

जिवंत पेशीत काय घडते हे पाहायचे, तर पेशीला न मारता तिच्यातील प्रथिने दृश्यमान करावी लागतात. ही वाट एका जेलीफिशमुळे सापडली. ओसामू शिमोमुरा यांना ‘एक्वोरिया व्हिक्टोरिया’ या जेलीफिशमध्ये एक हिरवे प्रथिन आढळले; त्याची नोंद १९६२ साली प्रसिद्ध झाली. निळा प्रकाश शोषून ते हिरवा प्रकाश देते. या गुणास अनुस्फुरण म्हणतात. १९९४ साली मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक जीवाणूंत व सूक्ष्म कृमींत घालून तेथेही हिरवा प्रकाश उमटविला. रॉजर त्सिएन यांनी अधिक तेजस्वी, विविधरंगी प्रथिने घडविली. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु ज्या प्रकाशात हे प्रथिन पाहावयाचे, तोच प्रकाश त्याला विझवितो. प्रकाश शोषून उत्तेजित झालेल्या त्याच्या रंगकेंद्रात कधीतरी रासायनिक बदल होतो, पुष्कळदा ऑक्सिजनमुळे, आणि ते कायमचे निस्तेज होते. प्रकाश वाढवावा, तर पेशीलाच इजा पोहोचते. मग पेशीविभाजनासारखी दीर्घ क्रिया शेवटपर्यंत पाहावी कशी?

जे घडते ते कारणांमुळे घडते; कारण क्षीण झाले की परिणामही क्षीण होतो, ही तथागतांची शिकवण आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. शास्त्रज्ञांचा मार्गही असाच कारणे शोधण्याचा होता. त्सिएन यांच्या गटाने बदललेली प्रथिने बाळगणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती प्रखर प्रकाशात ठेवल्या आणि ज्या तेजस्वी राहिल्या त्या निवडल्या. २००८ साली त्यांनी ‘टॅग-आरएफपी-टी’ हे लाल प्रथिन प्रसिद्ध केले. त्यात १५८ व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले, एवढाच फरक. पण प्रकाशातील टिकाऊपणा सुमारे नऊपट वाढला. २०२२ साली जपानमधील अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने ‘सायटाइस उचिडे’ या जेलीफिशच्या प्रथिनापासून ‘स्टेगोल्ड’ घडविले. ते आधीच्या प्रथिनांहून दहापटीहून अधिक टिकाऊ ठरले. त्याचे रेणू जोडीने राहत, ही उणीव पुढे एकेकट्या रेणूंची रूपे घडवून दूर करण्यात आली.

विझणे थांबले नाही, ते लांबले. अनित्यता कोणालाच चुकत नाही, पण तिची कारणे समजून घेता येतात. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि स्वतः पाहा, हे वचन आमच्या मुलामुलींनी वंदनेत म्हणावे, तसेच प्रयोगशाळेतही आचरावे. समोरचे तेज मावळताना ‘का?’ असे विचारणारा विद्यार्थी घडावा, हीच आमची मंगलकामना.