वार्धक्यातील स्नायूंची झीज : ती आधी कशी ओळखावी ?

‘हातपाय चालेनासे झाले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण तो विषय तेथेच मिटवितो. प्रस्तुत लेखात आम्हांस इतकेच दाखवावयाचे आहे की, हातपाय एका दिवसात थकत नाहीत. त्याची सूचना बरीच आधी मिळते व ती घरच्या घरी वाचता येते.

वयोमानाने स्नायूंचे प्रमाण व बळ घटणे ह्यास वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. मांस व उणीव अशा अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेले हे नाव अर्विन रोझेनबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८८ साली सुचविले.

स्नायूचा प्रत्येक तंतू मज्जापेशीच्या आज्ञेने चालतो. वयाबरोबर ह्या पेशी कमी होतात व त्यांच्या आज्ञेतील काही तंतू निकामी होतात. त्यांतही झटकन आकसणारे तंतू आधी बारीक होतात. म्हणून सावकाश चालणारा वृद्ध ठीक दिसतो. परंतु उंबरठ्याला ठेच लागताच तोल सावरण्यास क्षणात जो जोर लागतो, तो त्याच्यापाशी नसतो. मग पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि अंथरूण ! अंथरुणात झीज अधिकच वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांनी दहा दिवस अंथरुणात काढताच पायांतील सुमारे एक किलो मांस घटल्याचे आढळले.

वजनाचा काटा येथे फसवितो. कारण मांस घटते तशी चरबी वाढते आणि काटा जागीच राहतो. म्हणून मांस किती ह्यापेक्षा बळ किती हे आधी पाहावे, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०१८ साली ठरविले. आशियाई तज्ज्ञमंडळाच्या २०१९ च्या निकषांतील तीन चाचण्या कोणासही करता येतील :

(१) पोटरीचा सर्वांत जाड भाग फितीने मोजावा. पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरांहून व स्त्रीची ३३ हून कमी भरल्यास सावध व्हावे.

(२) हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे. १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पायांचे बळ उणे समजावे.

(३) नेहमीच्या चालीने सहा मीटर चालावे. सहा सेकंदांहून अधिक वेळ लागू नये.

चाचणीच्या वेळी कोणीतरी जवळ उभे राहावे. पायाला सूज असल्यास पोटरी जाड भरते, आणि गुडघा दुखत असल्यास उठण्यास उशीर लागतो. तेव्हा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

हे आधी कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ वृद्धांस आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊजण शेवटपर्यंत टिकले व त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीत जे साधते, ते पासष्टीत का साधू नये ? मात्र व्यायामास आहाराची जोड हवी. वृद्धांस दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासळी ह्यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच प्रमाण ठरवावे.

येथे कुटुंबीयांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणून आपण वडीलधाऱ्यांच्या हातची पिशवी घेतो, पाण्याचा तांब्याही त्यांस जागेवर आणून देतो. हेतू आदराचा, परंतु परिणाम असा की, उरलेले बळही न वापरल्याने जाते. पूजेच्या पाटावरून किंवा नमाजाच्या चटईवरून स्वतः उठणे, जिना चढणे, भाजी आणणे हा त्यांचा व्यायामच आहे. जे झेपते ते त्यांस करू द्यावे. मदतीचा हात जवळ असावा, पण घाई नसावी.

शाळेत आम्ही वार्षिक परीक्षेपूर्वी चाचणी परीक्षा घेतो, ती मुलास नापास ठरविण्यासाठी नव्हे. तो कोठे कच्चा आहे हे वेळीच कळावे म्हणून. ट्रस्टच्या प्रत्येक कुटुंबाने साठीनंतरच्या मंडळींची अशीच चाचणी दर सहा महिन्यांनी घ्यावी व आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा मागील आकड्याशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. त्यास लागते काय ? एक फीत, एक खुर्ची, एक घड्याळ, आणि घरातील कोणाचीतरी पंधरा मिनिटे.